जुनं कपाट, खुर्ची, भांडी यांना शिल्प का म्हणायचं?

कारण वापरलेल्या वस्तूत माणूस उरलेला असतो. नव्या संगमरवरात तो आणावा लागतो.

रोजच्या वस्तूंपासून शिल्प करण्याची सुरुवात जुनी आहे: 1913 साली फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँनं स्टुलावर सायकलचं चाक बसवलं. पण मला खरं कळलं ते कोलंबियाची शिल्पकार डोरिस साल्सेदो हिच्यामुळे. तिच्या देशातल्या हिंसाचारात कितीतरी माणसं बेपत्ता झाली. तिनं घरातली लाकडी कपाटं घेतली आणि त्यांत काँक्रीट ओतलं. कपाट आहे, पण आता त्यात कुणाचेच कपडे ठेवता येणार नाहीत. 2003 मध्ये इस्तंबूलला दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत तिनं सुमारे 1,550 खुर्च्या रचल्या, प्रत्येक रिकामी.

आपल्याकडे शिल्पकार सुबोध गुप्ता स्टीलचे डबे, ताटं, बादल्या वापरतो. ते तर आपल्या मांडणीवरचंच!

गिरगावातली आमची चाळीतली खोली रिकामी केली तेव्हा आजीच्या कपाटाच्या दाराला आतून टिकल्या चिकटलेल्या होत्या, वरच्या सगळ्या फिक्या पडलेल्या. ते भंगारवाल्याला देववेना.

एकदा चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जा. काही विकत घेऊ नका, फक्त एखाद्या खुर्चीचे झिजलेले हात नीट बघा.