वाचकांचे प्रश्न : खगोलाच्या प्रश्नमंजूषेतले वाद

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे अशी निघाली की, पाठवणारे एकमेकांना ओळखत नसूनही त्यांचे भांडण एकाच गोष्टीवरून आहे. खगोलशास्त्रावरचे प्रश्न एकमेकांना विचारायचे आणि मग उत्तर कोणाचे बरोबर यावरून हुज्जत घालायची, हा उद्योग ठाणे-नवी मुंबईत बराच रुजलेला दिसतो. ही तिन्ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी तलावपाळीवर जमतो. दर गुरुवारी प्रत्येकाने खगोलावरचे पाच प्रश्न घरून लिहून आणायचे, ते इतरांना विचारायचे आणि सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याने चहा पाजायचा, असा आमचा परिपाठ आहे. गेल्या गुरुवारी "हेलियमचा शोध कोठे लागला?" या प्रश्नाला मी "गुंटूर" असे उत्तर दिले. प्रश्न विचारणाऱ्या स्नेह्यांनी "विजयदुर्ग" हेच उत्तर ग्राह्य धरले. त्याच दिवशी "ज्याचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो असा ग्रह कोणता?" यावरही मतभेद झाला. चहाचे पैसे मी दिले, पण समाधान झाले नाही. कोणाचे बरोबर? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चहाचे पैसे आपल्याला परत मिळावेत असे आमचे मत आहे, मात्र पूर्ण नव्हे, अर्धेच. "विजयदुर्ग" हे उत्तर चुकीचे असले, तरी "गुंटूर" हेही पुरते बरोबर नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण भारतावरून गेला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशातल्या रंगांचा पट्टा, पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या तशा पाहूनही दाखवल्या. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली. वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमच्या सुप्रसिद्ध जोडरेषेच्या अगदी जवळ, पण तिच्याशी न जुळणारी आहे, हे ध्यानात आल्यावर ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी असे अनुमान लॉकियर यांनी मांडले आणि 'हेलिऑस' म्हणजे सूर्य या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पृथ्वीवर हा वायू हाती लागायला १८९५ साल उजाडावे लागले. तो विल्यम रॅम्से यांना युरेनियमच्या एका खनिजातून मिळाला. म्हणजे रेषा पाहणे, तिचा अर्थ लावणे आणि वायू बाटलीत धरणे ही तीन कामे तीन माणसांकडे, तीन ठिकाणी जातात. यांपैकी "शोध" कशाला म्हणायचे, हे प्रश्नात सांगितलेले नसेल, तर त्याला एकच उत्तर असू शकत नाही.

मग विजयदुर्ग यात आले कोठून? ते हवेतून आलेले नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते, परंतु २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे १८६८ नंतर तब्बल तीस वर्षांनी. ब्रिटिश आरमाराच्या एका युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी तेथे वेधांच्या कामाला लावले होते. किल्ल्यावरचे त्या वेधांच्या आठवणीचे "साहेबाचे कट्टे" पाहून आलेल्या माणसाच्या मनात लॉकियर, ग्रहण आणि हेलियम ही तीन नावे एकत्र चिकटतात आणि सालाचा फरक गळून पडतो. १८६८ साली लॉकियर भारतात नव्हते. आपल्या स्नेह्यांवर पुढच्या गुरुवारी "लॉकियर विजयदुर्गला कोणत्या ग्रहणासाठी आले होते?" हा प्रश्न टाकून पाहावा. त्याला उत्तर एकच आहे आणि ते हुकण्याची शक्यताही चांगली आहे.

दुसऱ्या वादाचीही गत तीच आहे. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. या हिशेबाने शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा ठरतो आणि प्रश्नसंग्रहांत छापलेले उत्तर हेच असते. पण शुक्र इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे तेथे उभे राहून (तेथे सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आहे, हे क्षणभर विसरू) एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ मोजला, तर तो सुमारे ११७ दिवसच भरतो, म्हणजे वर्षाच्या साधारण निम्मा. आपण घड्याळात जो दिवस मोजतो तो सूर्योदयाशी बांधलेला असतो. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी तर २३ तास ५६ मिनिटांतच संपते. प्रश्नात "दिवस" या शब्दाऐवजी "स्वतःभोवतीची एक फेरी" असे लिहिले असते, तर आपल्या मंडळींचा अर्धा तास वाचला असता.

जाता जाता एक सूचना. ग्रहांच्या चंद्रांची संख्या विचारायचीच असेल, तर सोबत साल लिहावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूचे ९२ चंद्र झाले आणि तो शनीच्या ८३ ला मागे टाकून पुढे गेला. मे महिन्यात शनीने पुन्हा आघाडी घेतली आणि मार्च २०२५ मध्ये तर एकदम १२८ नव्या चंद्रांची भर पडून शनीची संख्या २७४ वर गेली. जुन्या पुस्तकातून प्रश्न उतरवून आणणाऱ्याचा येथे हटकून घात होतो.

प्रश्न : रात्री जेवणे झाल्यावर नववीत शिकणारी माझी नात आणि मी एकमेकांना आकाशाविषयी प्रश्न विचारतो. तिने "उत्तरायण कधी सुरू होते?" असे विचारले, तेव्हा मी "मकरसंक्रांतीला" असे सांगितले. "आजोबा, शून्य गुण, बावीस डिसेंबर," असे ती म्हणाली. संक्रांतीची तारीख कशी पक्की असते हे पटवून देताना, पानिपतावर आपल्यावर संक्रांत कोसळली तीही १४ जानेवारीलाच, असा दाखला मी दिला, तर तिने त्याचेही गुण कापले. हे जरा जास्तच होत नाही का? – एक आजोबा, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : पहिल्या प्रश्नात आपल्याला काही गुण मिळायला हवेत. दुसऱ्यात मात्र नातीचा निर्णय कडक असला, तरी योग्य आहे.

सूर्य दक्षिणेकडे सरकणे थांबवून उत्तरेकडे वळतो तो दिवस २१ किंवा २२ डिसेंबर, यात वाद नाही. नेरुळच्या आपल्या खिडकीतूनही सूर्योदयाची जागा समोरच्या एखाद्या इमारतीच्या कडेशी ताडून पाहिल्यास डिसेंबरअखेरीस ती मागे फिरलेली दिसेल. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांशी बांधलेल्या, मकर राशीत प्रवेश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन घटना जवळजवळ एकाच दिवशी घडत असत, त्यामुळे परंपरेने त्यांची सांगड घातली आणि ती चुकीची नव्हती. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक आवर्तन पुरे करतो. त्यामुळे ताऱ्यांशी बांधलेले वर्ष ऋतूंशी बांधलेल्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठे ठरते आणि ऋतूंवर बेतलेल्या आपल्या इंग्रजी दिनदर्शिकेत संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. "पंचांगानुसार" हा एक शब्द प्रश्नात असता, तर आपले उत्तर चालून गेले असते.

संक्रांतीची तारीख पक्की असते हे गृहीतच पानिपताच्या दाखल्याला नडते. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले तो दिवस संक्रांतीचाच होता, पण तारीख होती १० जानेवारी १७६०. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीला झाला, तो १२ जानेवारी १८६३ रोजी. आता ती कधी १४ ला, तर कधी १५ ला येते. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. त्या वर्षीची संक्रांत त्याआधी तीन-चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. आजच्या संक्रांतीची तारीख अडीचशेहून अधिक वर्षे मागे नेऊन ठेवल्यामुळे हा घोटाळा होतो आणि तो करणारे आपण एकटे नाही. दत्ताजींची आणि विवेकानंदांची ही दोन्ही उदाहरणे आपण नातीला सांगावीत. तिने ती ऐकली नसतील, तर गमावलेले गुण व्याजासह परत मिळतील.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात कोजागरीला गच्चीवर मुलांसाठी खगोलावरची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे. मोबाइलवर लगेच शोधता येणार नाहीत असे प्रश्न सुचवाल का? – एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपल्या गच्चीशी बांधलेले प्रश्न विचारावेत. "वर्षातून किती वेळा सूर्य ऐरोलीच्या अगदी माथ्यावर येतो?" याला बहुतेक मुले "रोज दुपारी" असे सांगतील. खरे उत्तर दोनदा: मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैतला दिवस आपल्याकडे बहुधा पावसात बुडतो. मेमध्ये मात्र दुपारी साडेबारानंतर पाचेक मिनिटांत उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली त्याच्याच बुडाखाली गेलेली दिसते. हाच प्रश्न दिल्लीच्या मुलांना विचारल्यास उत्तर "एकदाही नाही" असे येईल.

"ध्रुवतारा येथून किती उंचीवर दिसतो?" हाही चांगला प्रश्न आहे. हात ताठ धरल्यावर मिटलेली मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते आणि आपले अक्षांश सुमारे १९ असल्याने ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठींवर सापडतो. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्त्य हा तारा असतो. तो ध्रुवाच्या दहापटींहून अधिक तेजस्वी आहे. ध्रुव हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, असे सांगणाऱ्या मुलांना तेव्हा गच्चीवर न्यावे.

कोजागरीच्या रात्री मात्र हे काही जमणार नाही, कारण पूर्ण चंद्राच्या उजेडात मंद तारे धुऊन निघतात. त्या रात्री चंद्राविषयीच विचारावे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मग मध्यरात्री तो कोठे असेल? आश्विनातल्या या रात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणूनच मसाला दुधाच्या पातेल्यात त्याचे प्रतिबिंब पाहायला वाकणाऱ्याचे स्वतःचेच डोके मध्ये येते. ते का, हे दूध वाटण्यापूर्वी मुलांना विचारावे.