तुलना कशाशी?

प्रिय मुली,

राग ऐकून माणसाला काय वाटतं, हे मोजायचा तुझा गूगल फॉर्म भरला. बारा राग, यूट्यूबवरून उचललेले तीस-तीस सेकंदांचे तुकडे, खाली ‘शांत, करुण, आनंदी, उदास’. सातव्या रागापासून मी ऐकतसुद्धा नव्हते, नुसतं टिक करत होते. आणि तू विचारतेस, ‘माणसं शंभर घेऊ की दोनशे?’ अगं, दोन हजार घे. तुलना कशाशी?

मारव्यानं माणूस उदास होतो, हे तुला दाखवायचंय. तुझा मारवा सारंगीवर, विलंबित म्हणजे अगदी संथ. दुर्गा राग सतारीवर, द्रुत. मग तू मोजलंस काय? राग, लय की वाद्य? गाणं शिकतेस ना? मारवा आणि पूरिया घे की! दोन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. स्वर तेच, चलन म्हणजे स्वरांतून फिरायची रीत वेगळी. भूप-देशकारही तसेच. एकाच गळ्यातून, एका पट्टीत, एका लयीत गाऊन घे आणि मग विचार लोकांना. असली आयती जोडी पाश्चात्त्य संशोधकांना शोधून सापडायची नाही, आणि तू यूट्यूब धुंडाळतेस.

मोझार्टचं माहीत असेलच. 1993 साली ‘नेचर’मध्ये आलं: 36 विद्यार्थी, दहा मिनिटं मोझार्टचा पियानोवरचा सोनाटा ऐकवला, आणि घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असल्या कोड्यांत गुण वाढले. परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला सरकारी पैसे मागितले! मूळ प्रयोगात तुलना होती शांततेशी आणि अंग सैल सोडायला सांगणाऱ्या टेपशी. पुढे कॅनडात शेलेनबर्ग आणि नँटे यांनी मोझार्टसमोर रेकॉर्ड केलेली गोष्ट ठेवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांना गोष्टीनंतरच जास्त गुण पडले. तुलना बदलली आणि मोझार्टचा चमत्कार गेला.

मी काय वेगळं केलं होतं? पीएच.डी.साठी एका गटाला यमन राग ऐकवला, दुसऱ्याला शेजारच्या खोलीत गप्प बसवलं. तिथला पंखा करकरायचा, पोरं जांभया देत होती. यमनवाल्यांची एकाग्रता जास्त भरली. पेपरात फोटो आला, आईनं कात्रण फ्रेम करून घेतलं. त्या गप्प गटातल्या एकानं जाता जाता विचारलं, ‘मॅडम, आम्हाला नुसत्या बातम्या लावल्या असत्या तर?’ मी हसून उडवून लावलं.

तेव्हा टेपरेकॉर्डर एकच, तोही उसना. मार्गदर्शकांना प्रबंध मार्चच्या आत हवा होता. घरात तान्हं मूल. ही कारणं खोटी नाहीत, आणि कुणी मला सगळं फुकट गेलं म्हटलं तर मी अजून भांडते. बातम्यांची कॅसेट मात्र त्याच टेपरेकॉर्डरवर वाजली असती.

फॉर्म आजच बंद कर. रविवारी सकाळी ये, तानपुरा जुळवून ठेवते. दोन्ही राग तूच गा, लय मी धरते. आणि पर्यायांत ‘काहीच वाटलं नाही’ घाल. तो मीही ठेवला नव्हता.

तुझी,
मॅडम