विषाणू वाढवू नका, डॉक्स देण्याआधीच्या पेशी तपासा

फायब्रोब्लास्टचे (संयोजी ऊतीतल्या पेशींचे) थेट न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, बनवायचे आहेत. साठीतल्या दात्याचे फायब्रोब्लास्ट, डॉक्सिसायक्लिन (डॉक्स) या औषधावर चालू होणारी एनजीएन२ आणि एएससीएल१ ही न्यूरॉन घडवणारी जनुकं पेशीत नेणारा लेंटिव्हायरस, आज चौदावा दिवस. डिशमध्ये टुज-१ (न्यूरॉनची सुरुवातीची खूण) दाखवणाऱ्या पेशी मोजक्या, बाकी फायब्रोब्लास्टचं रान. विषाणू दुप्पट करू का? नको. त्याने पेशी मरतील, आणि आधी मरतील त्या जनुकं भरपूर घेतलेल्याच.

न्यूरॉनच्या वाटेला लागलेली पेशी विभाजन थांबवते. शेजारचा कोरा फायब्रोब्लास्ट मात्र वाढतच राहतो. म्हणून डॉक्स देण्याआधीच कोऱ्या पेशी निवडून काढा. तुमच्या वेक्टरमध्ये (जनुकं नेणाऱ्या विषाणूत) प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधाचा प्रतिकार असेल तर ते मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवून किमान तीन पॅसेज करा, म्हणजे पेशी तीनदा नव्या डिशमध्ये हलवा. मात्रा दात्यागणिक तपासून घ्या. पेशींना वाढवणारं सीरम टेट-मुक्तच (टेट्रासायक्लिन नसलेलं) हवं. साध्या सीरममध्ये टेट्रासायक्लिनचा (डॉक्स त्याच गटातलं) अंश असला की जनुकं आधीच पाझरतात, त्या पेशी वाढायच्या थांबतात आणि तीन पॅसेजनंतर नको त्याच पेशी हाती उरतात.

मग गर्दी. प्लेटच्या तीन भरलेल्या वेलमधल्या (खळग्यांमधल्या) पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवून, उचलून एकाच वेलमध्ये घाला. अति झालं असं वाटलं तर बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सीरम पूर्ण बंद. त्याऐवजी न्यूरॉनचं मीडिया (पेशींचं पोषक द्रव): डीएमईएम-एफ१२ आणि न्यूरोबेसल निम्मे-निम्मे, त्यात एन२ व बी२७ ही पूरकं, डॉक्स २ आणि लॅमिनिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, शिवाय पेशीला न्यूरॉनकडे वळवणारी रसायनं: एसबी-४३१५४२ १०, एलडीएन-१९३१८९ ०.५, सीएचआयआर-९९०२१ ३ आणि फॉरस्कोलिन ५ मायक्रोमोलर. डॉक्स उजेडात आणि ३७ अंशांवर फार टिकत नाही, त्यामुळे आठवड्याचं मीडिया एकदम बनवून ठेवू नका. दर तिसऱ्या दिवशी बदलताना थोडं जुनं राहू द्या आणि नवं भिंतीवरून सोडा. पिपेटची धार थेट पेशींवर पडली की कडेने दुधाच्या सायीसारखा अख्खा थर सुटून येतो.

टुज-१ वर भुलू नका, फायब्रोब्लास्टही फिकट रंगतात. निकाल तीन आठवड्यांनी, तोही मॅप२ आणि न्यूएन (NeuN) या पक्व न्यूरॉनच्या खुणा पाहून. पॅच क्लॅम्पची (पेशीचे विद्युत संकेत मोजण्याची) सोय असेल तर उत्तमच. आयपीएस पेशींचा (प्रौढ पेशींना मूळपेशी बनवून घेण्याचा) सोपा रस्ता सोडून हा खटाटोप करायचा तो दात्याच्या वयाच्या खुणा टिकाव्यात म्हणून (साल्क इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये त्या दाखवल्या). पण त्यामुळेच मधे पेशी वाढवून घ्यायला वाव नाही. लागतील तेवढे फायब्रोब्लास्ट कमी पॅसेजवरच गोठवून ठेवा.

पुढच्या खेपेला एक वेल डॉक्सविना ठेवा, आणि डॉक्स दिलेला एक वेल ४८ तासांनी एएससीएल१ साठी रंगवा. बहुतेक केंद्रकं कोरी दिसली तर प्युरोमायसिनची निवड चुकली. रंगलेली असूनही न्यूरॉन होत नसतील, तर आधी घनता आणि मीडिया तपासा.