नायक गप्प का आणि धून तीच का?

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि त्याचे प्लेस्टेशन ४ आमच्या घोडबंदर रोडच्या घरीच राहिले. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला 'ड्रॅगन क्वेस्ट ११' हा जपानी व्हिडिओ गेम लावून दिला. पंचवीसएक तास खेळून झाले आहेत. गोष्ट आवडते आहे, राक्षसही गोजिरवाणे आहेत. परंतु नायक तोंडातून शब्द काढत नाही, माळरानावर तीच धून वाजत राहते आणि लढाया फारच सोप्या जातात. मुलगा म्हणतो, "आई, शेवटपर्यंत जा, खरी मजा शेवटीच आहे." दोष माझ्या सवयीचा की खेळाचा? पुढे खेळावे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्ही तक्रारी रास्त आहेत. नायकाचे मौन ही या मालिकेची १९८६ मधील पहिल्या भागापासूनची रीत आहे. खेळणाऱ्याने स्वतःलाच नायक समजावे, अशी मालिकेचे जनक युजी होरी यांची त्यामागील कल्पना. मात्र २०१७ साली जपानमध्ये हा खेळ आला तेव्हा त्यात कोणाचाच आवाज नव्हता, त्यामुळे नायकाचे गप्प राहणे कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. २०१८ च्या परदेशी आवृत्तीत इतर पात्रांना इंग्रजी आवाज मिळाले आणि सगळे बोलू लागल्यावर हा एकटाच मुका उरला. स्वतःच्या गावाची राखरांगोळी झालेली पाहूनही तो जेमतेम भुवया उंचावतो, तेव्हा मलाही बेलापूरच्या घरी बसून त्याला गदागदा हलवावेसे वाटले होते.

संगीताचे म्हणाल, तर तुमच्याकडे बहुधा मूळ आवृत्ती असावी. तिच्यातील कोइची सुगियामा यांच्या रचना संगणकीय वाद्यध्वनींवर वाजतात, त्यामुळे त्या लवकर कंटाळवाण्या होतात. २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावर आणि डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेल्या 'एस' आवृत्तीत तेच संगीत खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले आहे, शिवाय मालिकेच्या आठव्या भागातील संगीत लावण्याचीही सोय आहे. तरीही घाईने ती विकत घेऊ नका. जुन्या आवृत्तीतील जतन केलेला खेळ 'एस'मध्ये नेता येत नाही, म्हणजे पंचवीस तास पाण्यात जातील. आणि ती स्विचच्या आवृत्तीवरून केलेली असल्याने तिची चित्रेही किंचित फिकी वाटतात. संगीताचा आवाज कमी करून खेळणे हा फुकटचा उपाय आहे.

लढाया कठीण करण्याचे पर्याय नवा खेळ सुरू करतानाच निवडावे लागतात, त्यामुळे ती वेळ तुमच्या हातून गेली आहे. पण राक्षस माळरानावर आधीच दिसत असल्याने त्यांना वळसा घालता येतो. दिसेल त्याला मारत गेल्यास तुमची मंडळी गरजेपेक्षा फार पुढच्या पातळीवर पोहोचतात, आणि सोपेपणाचे अर्धे मूळ तेथेच असते. सहकारी आपल्या मनाने लढत असतील, तर त्यांना तुमच्या हुकमाखाली आणा. सिल्व्हँडो या सहकाऱ्याने कोणाला सावरायचे आणि सेरेना या सहकारिणीने कधी मंत्र राखून ठेवायचा, हे स्वतः ठरवू लागल्यावर याच लढाया डोके खाजवायला लावतात.

अकिरा तोरियामा यांनी रेखाटलेल्या राक्षसांचे कौतुक तुम्ही केलेच आहे. मला याहून अधिक आवडते ती गावांची बोली. होट्टो नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात इंग्रजी आवृत्तीतील लोक चक्क हायकूत बोलतात, म्हणजे पाच, सात, पाच अशा अक्षरगटांत. दुकानदारापासून म्हातारीपर्यंत सर्वांशी दोनदा बोलल्याशिवाय तेथून निघू नका, कारण अशा कोपऱ्यांवरच या खेळाच्या कर्त्यांनी खरा जीव ओतला आहे.

शेवटाबाबत मात्र मी तुमच्या चिरंजीवांशी सहमत नाही. मध्यावर जगावर मोठे संकट कोसळते आणि त्यानंतर विखुरलेले सहकारी एकेक करून शोधण्याचा जो टप्पा येतो, तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, कारण त्यात गमावलेले खरोखरच गमावलेले असते. श्रेयनामावली सरकल्यावर याच खेळाचा तिसरा भाग उघडतो. त्यात लढाया उत्तम आहेत, पण कथेने आधी घेतलेली किंमतच तो परत करून टाकतो, आणि त्या दुःखात वाढलेल्या पात्रांचे मोठेपणही त्याबरोबर पुसट होते. तेव्हा नावे सरकून झाली की दोन दिवस यंत्र बंद ठेवा आणि मगच तिसऱ्या भागाला हात घाला.