वाचकांचे प्रश्न : आईवडील फडावर, मुले गावात

प्रश्न : आमच्या गावातील बहुतेक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. पण तिसरीतला एक मुलगा रोज दुपारी पोट दुखते म्हणून रडतो. डॉक्टरांना काही सापडले नाही. शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मी काय करू शकते?
– एक वाचक, शिरूर कासार (जि. बीड)

उत्तर : ताई, त्या मुलाचे पोट खरोखरच दुखत असते, ‘सोंग करतो’ असे त्याला कोणीही म्हणू नये. मनातले सांगता येत नाही, अशा वयात ते पोटातून, डोक्यातून बाहेर पडते.

टोळी पहाटेच फडात उतरते आणि गाडी भरण्यासाठी रात्रीबेरात्रीही उठावे लागते, त्यामुळे ‘जमेल तेव्हा फोन करू’ असे म्हटले की तो राहूनच जातो आणि मूल रोज वाट पाहत बसते. म्हणून पुढच्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वीच मुकादमाला समोर बसवून प्रत्येक जोडप्याचा फोनचा वार ठरवून घ्या. यंदापुरते मुकादमाकरवी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, निरोप धाडून ते जमवा. ठरल्या वारी फोन आला नाही, तर त्या संध्याकाळी मुलाजवळ कोणी बसायचे, हेही आधीच ठरलेले असावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच आहे.

थकलेल्या आजीवर सारा भार टाकू नका. आठवड्यातून एकदा सगळ्या आज्यांना शाळेच्या ओसरीवर बोलवा, मुलांना त्यांच्याकडून गोष्टी ऐकू द्या, म्हणजे त्यांनाही आपले गाऱ्हाणे सांगायला जागा मिळेल.

मोठ्या मुलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ‘हिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची’ या धास्तीपोटी अनेकदा लग्न लवकर उरकले जाते. संध्याकाळच्या अभ्यासिकेतून मुलींना घरापर्यंत कोण सोडील, हे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने ठरवावे. लग्नाची कुणकुण लागताच मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर कळवावे.

मूल जेवेनासे झाले, झोप उडाली किंवा जगण्यामरण्याचे बोलू लागले, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून सल्ला मिळतो. त्या मुलाला पुन्हा दवाखान्यात न्याल तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य सांगा : दुखणे दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होते, आणि त्याचे आईवडील गावातून कधी गेले.