आबा पिकात पाय ठेवायचे नाहीत

तुम्ही विचारलंय, ‘फौजेतून आलेला माणूस इतका देवभोळा कसा असतो? तुमच्या घरात असं कुणी होतं का?’ होतं. आमचे आबा, वडिलांचे वडील. ‘देवभोळा’ हा शब्द मात्र त्यांनी खपवून घेतला नसता.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. सातारा जिल्ह्यात फौजी माणसाचं फार अप्रूप नसतं. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, आजही त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटलेलं आहे. आबा बेळगावला भरती झाले, पहिल्या मराठात गेले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, आणि १९८३ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आल्यावर पहिल्याच आषाढीला पंढरपुरात माळ घातली.

माळ घातली तसं मटण सुटलं, रम सुटली. कँटीनचा कोटा मात्र दरमहा उचलायचे, हक्काचं कशाला सोडा! बाटली मेहुण्याला जायची. आजी बडबडली की म्हणायचे, “माळ मी घातलीय, त्यानं नाही.”

संध्याकाळी सातला हरिपाठ. त्याआधी हजेरी, अगदी नाव घेऊन, सुनांची आणि नातवंडांची सुद्धा. लोक या शिस्तीचं फार कौतुक करतात, मला तेवढं वाटत नाही. धाकटे काका भरतीच्या रांगेतून पळून आले म्हणून आबा दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. एकाच ताटाच्या ओळीत बसून “तुझ्या लेकाला सांग” असा निरोप आजीमार्फत जायचा. हे वाईटच होतं, आणि हरिपाठ म्हणून ते चांगलं होत नाही.

लढाईचं कधी बोलले नाहीत. त्यांच्या काळ्या ट्रंकेत, पांढऱ्या रंगानं नंबर घातलेल्या, ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही एकाहत्तरच्या लढाईची पदकं रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. त्यावरून मी पुढे वाचलं. डिसेंबर १९७१, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी चिठ्ठी पाठवली, तर तिकडच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या त्या फौजेला आबांच्या पलटणीनं रस्त्यावरच अडवलं. मी हे सगळं उत्साहानं आबांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “भात काढणीला आलं होतं रं. सगळं तुडावलं आम्ही.”

एवढंच. गोळीचं नाही, पदकाचं नाही.

तेव्हा मला त्यांच्या वारीतल्या एका खोडीचा उलगडा झाला. लोणंदपासून पुढं मी तीनदा त्यांच्यासोबत चाललोय. गर्दी वाढली की लोक रस्ता सोडून रानातून वाट काढतात. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला तर माणसं मिळेल तिकडं घुसतात. आबा नाहीत. पुढं बाजरीचं बोटभर कोंब वर आलेलं रान दिसलं, की आम्ही बांध धरून अख्खा वळसा घालायचो, दिंडी तोवर पुढं निघून जायची. मी चिडून म्हणायचो, रिंगण संपलं असेल आता. “माऊलीला माझी घाई नाही,” असं म्हणून ते धोतर सावरत चालायचे. रिंगण आम्हाला एकदाही धड दिसलं नाही.

ते गेले पौषात, शाळू हुरड्यात आला होता तेव्हा. स्मशानाची जवळची वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते. शेजारी स्वतः म्हणाला, “न्या हितनं, चार ताटं मोडली तर काय बिघडतंय?” सगळे वळलेच होते. तेवढ्यात धाकटे काका, तेच भरतीतून पळालेले, पुढं झाले आणि म्हणाले, “बांधावरनं.”

बांध हातभर रुंद. खांद्यावर तिरडी घेऊन दोघं शेजारी मावेनात, म्हणून ती हातांवर धरून आडवी पावलं टाकत नेली. एक चुलतभाऊ पाटात घसरला. मागून कुणीतरी पुटपुटलं, “गेलं तरी म्हातारं फिरवतंयच.”