शंका-समाधान : दोन सिस्टिम, एक लॅपटॉप

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही आहेत. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा मेनू येईनासा झाला, थेट विंडोजच सुरू होतं. उबुंटू पुन्हा टाकावं लागेल का?

उत्तर : घाई करू नका, उबुंटू बहुधा जागेवरच आहे. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असलेल्या लॅपटॉपमध्ये कोणता बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, आधी चालवायचा, याचा क्रम मदरबोर्डवरच्या मेमरीत नोंदलेला असतो. विंडोज बूट मॅनेजर त्यात वर गेला की उबुंटूचा बूटलोडर ‘ग्रब’ खाली सरकतो.

रीस्टार्ट करून बूट मेनूची की दाबत राहा : डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. उबुंटू दिसलं तर निवडा. ते नीट सुरू झालं, की बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या) बूट ऑर्डरमध्ये त्याला पहिलं करून सेव्ह करा.

यादीत ते नसेलच, तर काही बायोसमध्ये नवी नोंद हाताने घालता येते. ईएफआय पार्टिशनमधल्या (डिस्कच्या ज्या छोट्या भागात बूटलोडर असतात त्यातल्या) उबुंटू फोल्डरातली ‘शिम’ फाइल निवडा, ग्रबची नको; शिम हा ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम आहे. सिक्युअर बूट (सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असताना फर्मवेअर, म्हणजे बायोस, मायक्रोसॉफ्टची सही पाहतं. ती शिमवर असते. ग्रबची तपासणी पुढे शिम करतं. नोंद घालायची सोय नसेल, तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) यूईएफआय मोडमध्येच चालू करून ग्रब नव्याने बसवा.

ईएफआय पार्टिशन कधीही फॉरमॅट करू नका, दोन्ही बूटलोडर तिथेच असतात. बायोस लेगसी (जुन्या पद्धतीच्या) मोडवर नेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो; तसं केलं तर विंडोजही सुरू होणार नाही. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं, की विंडोज ती मागू शकतं.

प्रश्न : माझं उलट आहे. ग्रबचा मेनू येतो, पण त्यात विंडोज नाही.

उत्तर : ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असतो. ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीची किंमत ‘फॉल्स’ करा, ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि टर्मिनलमध्ये अपडेट-ग्रब ही आज्ञा सुडोसह (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा. विंडोज सापडल्याची ओळ तिथेच उमटते.